गळावरची माशी: ट्राउट आणि ग्रेलिंगसाठी बांधणीच्या जुन्या-नव्या रीती

ट्राउट आणि ग्रेलिंग हे थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यातले मासे. त्यांच्या खाण्यात मोठा वाटा पाण्यातच वाढणाऱ्या कीटकांचा असतो: मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय आणि डासांच्या जातकुळीतले बारीक द्विपंखी कीटक. यातले बहुतेक इतके लहान आणि नाजूक असतात की गळाला टोचायला गेले की त्यांचा लगदाच होतो. म्हणून गळावरच रेशीम, पिसे आणि केस गुंडाळून कीटकाचा भास तयार करावा लागतो. इंग्रजीत त्याला फ्लाय म्हणतात. मराठीत ‘माशी’ हा शब्द सोयीचा आहे. अशा माशीला फेकण्याइतके वजन नसते. वजन दोरीला असते, काठीच्या झोक्याने दोरी पुढे जाते आणि माशी तिच्यामागून ओढली जाते. त्यामुळे बांधणाऱ्याला वजनाची सक्ती नसते आणि वाऱ्यावर उडून जाईल अशी वस्तूही गळावर बसवता येते.

माशीचा खरा प्रश्न मात्र दिसण्याचा नाही, जागेचा आहे. मेफ्लायचे आयुष्य पाहिले की हे लगेच कळते. अंड्यातून निघालेला निम्फ काही महिने, काही जातींत वर्ष-दोन वर्षे, तळाच्या दगडगोट्यांत राहतो. वेळ आली की तो वर येतो, पृष्ठभागाशी त्याची कात फाटते आणि मळकट पंखांचा कीटक बाहेर पडून हवेत उडतो. काही तासांनी तो पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यावर कात टाकणारा कीटकांचा हा एकमेव गण आहे. मग मीलन, अंडी घालणे, आणि मेलेले किंवा मरणासन्न कीटक पंख पसरून पाण्यावर वाहत जातात. तळ, मधला प्रवाह, पृष्ठभागाची खालची बाजू, पृष्ठभाग अशा चार जागी एकच कीटक चार रूपांत माशाला सापडतो. बांधणीचा सगळा इतिहास म्हणजे या थरांपैकी कोणता थर कोणी महत्त्वाचा मानला त्याचा इतिहास आहे.

माशांच्या सवयीही वेगळ्या. ट्राउट आडोसा धरून राहतो, एखाद्या दगडामागे ठाण मांडतो आणि समोरून येणारे खाणे टिपतो. ग्रेलिंग थव्याने राहतो. त्याचे तोंड खालच्या बाजूला झुकलेले असते, म्हणजे मुळात तो तळ चाळणारा मासा. वरचा कीटक घ्यायचा झाला तर तो तळापासून जवळजवळ सरळ वर येतो आणि पुष्कळदा चुकतो. ट्राउटची वीण शरद ऋतूच्या अखेरीस आणि हिवाळ्यात होते, ग्रेलिंगची वसंतात. त्यामुळे इंग्लंडच्या नद्यांवर ट्राउटचा हंगाम बंद झाल्यावर ग्रेलिंगचा सुरू असतो. ग्रेलिंगच्या माश्या बारीक, जड आणि थोड्या भडक का, याचे उत्तर या सवयींत आहे.

पिसे लावलेल्या गळाचे सर्वांत जुने सविस्तर वर्णन इसवी सनाच्या २०० च्या सुमाराचे आहे. रोमन लेखक एलियनने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात मॅसेडोनियातील एका नदीवरच्या कोळ्यांची रीत नोंदवली. गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळायची आणि कोंबड्याच्या गळ्याशी लोंबणाऱ्या मांसल लोळीखाली उगवणारी, मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधायची. त्या नदीतले ठिपकेदार मासे त्याला भुलतात. नंतरचा मोठा टप्पा इंग्लंडमधला. १४९६ मध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने छापलेल्या मासेमारीच्या प्रबंधात महिन्यांप्रमाणे लावलेल्या १२ माश्यांची यादी आहे. तो ज्युलियाना बर्नर्स नावाच्या मठाधिपतीबाईंच्या नावावर मोडतो, पण कर्तृत्वाचा ठोस पुरावा नाही. १६७६ मध्ये चार्ल्स कॉटनने आयझॅक वॉल्टनच्या गाजलेल्या पुस्तकाला स्वतःचा भाग जोडला. डव्ह नदीकाठी राहणारा कॉटन स्वच्छ पाण्यात बारीक दोरी आणि मोजक्या साहित्याची माशी लागते, हे ठासून सांगतो. त्या काळी माशी हातात धरूनच बांधत. गळाला नेढे नसे. घोड्याच्या शेपटीचा केस किंवा पुढच्या काळात रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीपासून काढलेली तात गळाच्या दांडीलाच बांधून टाकत. तात कुजली की माशीही गेली. नेढे असलेले बारीक गळ १८८० च्या सुमारास रूढ झाले.

जुन्या रीतींपैकी आजही जशीच्या तशी टिकलेली रीत उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमाभागातली आहे. यॉर्कशायरच्या नद्या खडकाळ, पाण्याचा जोर जास्त. अशा पाण्यात माशाला निरखायला वेळ नसतो. घ्यायचे की सोडायचे ते क्षणात ठरते. तिथल्या लोकांनी पंख, शेपटी असल्या गोष्टी बाजूला ठेवून केवळ रेशमाचे अंग आणि रानपाखराचे एक मऊ पीस एवढ्यावर माशी उभी केली. तिला ते ‘स्पायडर’, म्हणजे कोळी, म्हणतात. कोळ्याशी तिचा संबंध फक्त लांब पायांपुरता. डब्ल्यू. सी. स्ट्युअर्टने १८५७ च्या पुस्तकात तीन स्पायडर आणि प्रवाहाच्या उलट दिशेने माशी टाकण्याची पद्धत मांडली. टी. ई. प्रिटने १८८५ मध्ये यॉर्कशायरच्या माश्यांचा संग्रह छापला, तर १९१६ मध्ये एडमंड्स आणि ली यांनी त्यात बारकाई आणली. पाणकोंबडी, पाणलावा, तित्तिर, स्टार्लिंग या पाखरांची पिसे आणि मोलसारख्या प्राण्यांची लव एवढ्यावर हा सगळा संसार चालतो.

यातली ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’ जवळून पाहण्यासारखी आहे. १४ नंबरचा गळ घ्यायचा (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो), वाकापाशी व्हाइसमध्ये, म्हणजे गळ पकडणाऱ्या शिकंज्यात, घट्ट धरायचा. नारिंगी रेशमी धाग्याला मेण लावून नेढ्यामागून वेढे सुरू करायचे. वेढ्याला वेढा लागून, फट न ठेवता आणि एकावर एक न चढवता, गळाच्या टोकाच्या वरच्या बाजूपर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे. तित्तिराच्या पाठीवरचे तपकिरी ठिपक्यांचे पीस निवडून त्याच्या मुळाकडची भुरभुरीत लव काढून टाकायची, तंतू मागे विंचरायचे, पीस बांधून दीड वेढा द्यायचा, फार तर दोन. मग तीन-चार वेढ्यांचे बारीक डोके आणि गाठ. कोरडी असताना ही माशी भडक आणि अर्धवट वाटते. पाण्यात पडली की रेशीम गडद होऊन काळपट तांबूस होते, तंतू अंगाला बिलगतात आणि प्रवाहाच्या प्रत्येक हिसक्याला उघडझाप करतात. कात टाकायला धडपडणारा कीटक असाच दिसतो. दोनऐवजी चार वेढे दिले तर दुकानाच्या पेटीत माशी भरगच्च दिसते, पण पाण्यात तिचा ओला गोळा होतो आणि ती हलतच नाही. नवशिक्याची सर्वांत सामान्य चूक हीच, आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या कित्येक माश्यांतही ती दिसते. इटलीच्या सेसिया खोऱ्यात आणि जपानच्या डोंगरी ओढ्यांतही मऊ पिसांच्या अशाच साध्या माश्या पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या जातात. खळाळत्या पाण्याने वेगवेगळ्या मुलखांतल्या माणसांना हेच उत्तर दिले.

दक्षिण इंग्लंडमध्ये चित्र उलटे. तिथल्या टेस्ट आणि इचेन या नद्या खडूच्या खडकातून झिरपलेल्या पाण्याच्या. पाणी काचेसारखे, प्रवाह संथ, तळाशी वनस्पती आणि कीटक भरपूर. मासा निवांत निरखून घेतो. १८३६ मध्ये आल्फ्रेड रोनाल्ड्सने खरा कीटक आणि त्याची माशी शेजारी शेजारी चितारून शास्त्रीय नावांसह पुस्तक काढले होते. त्या पायावर फ्रेडरिक हॅल्फर्डने १८८६ मध्ये तरंगत्या माश्यांचे शास्त्र उभे केले. त्यामागे जॉर्ज मॅरियटचे मोठे सहकार्य होते. कोंबड्याच्या मानेचे ताठ, चकचकीत पीस दांडीभोवती उभे गुंडाळले की त्याचे तंतू पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठभागावर टेकतात आणि माशी तरते. कोंबडीचे पीस मऊ आणि पाणी शोषणारे, म्हणून बुडत्या माशीसाठी कोंबडी, तरत्यासाठी कोंबडा, हा बांधणीतला पहिला धडा. हॅल्फर्डने रंगांच्या छटा, नर-मादीतला फरक इथपर्यंत नक्कल नेली. १९१० मध्ये त्याने स्वतःच आपली यादी छाटून ३३ माश्यांवर आणली. त्याच्या अनुयायांनी मात्र तरंगत्या माशीचा धर्मच केला, आणि काही नद्यांवर दुसरे काही वापरणे असभ्य ठरले.

या कट्टरपणाला जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलाने आव्हान दिले. पकडलेल्या माशाच्या पोटातला ऐवज मॅरो काढायच्या चमच्याने बाहेर घेऊन तो पांढऱ्या बशीत पाण्यात पसरून पाहत असे. त्यात पंख फुटलेल्या कीटकांपेक्षा निम्फच जास्त सापडत. वर उसळणारा मासा वरचेच खातो हा समज त्या बशीत संपला. १९१० आणि १९२१ च्या पुस्तकांत त्याने निम्फची बांधणी मांडली. १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये यावर रीतसर वादविवाद झाला. बहुमत त्याच्या बाजूने नव्हते. पुरावा होता, आणि आज त्याचीच बाजू टिकलेली आहे.

प्रकाशाचे शास्त्रही नक्कलवाद्यांच्या विरोधात जाते. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतूनच दिसते. त्या खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याच्यासाठी आरसा असतो. तरंगत येणाऱ्या माशीचे त्याला आधी दिसतात ते तिच्या पायांनी आरशात पाडलेले चमकते खळगे. नंतर पंखांचे टोक खिडकीच्या काठावर उगवते आणि अंग सर्वांत शेवटी. ज्या अंगाच्या छटेवर बांधणारे रात्री जागवतात, तिच्यापर्यंत पोहोचेतो माशाचा निर्णय बहुधा झालेला असतो.

हॅल्फर्डने १८९० मध्ये अमेरिकेतील थिओडोर गॉर्डनला पत्रासोबत नमुन्याच्या माश्या पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगरातल्या नद्यांना त्या जशाच्या तशा चालणाऱ्या नव्हत्या: कीटक वेगळे, पाणी खडबडीत. गॉर्डनने आणि त्याच्यामागून आलेल्यांनी वूड डक या बदकाच्या कुशीच्या पिसांचे उभे पंख, बारीक अंग आणि मोजक्या वेढ्यांचे ताठ पीस अशी शैली घडवली. ही विद्या सहजासहजी मिळत नसे. वॉल्ट आणि विनी डेट यांना एका नामांकित बांधणाऱ्याने शिकवायला नकार दिला, तेव्हा त्यांनी त्याच्याच माश्या विकत घेऊन वेढ्यामागून वेढा उलगडून पाहिल्या आणि त्यातून हात बसवला. १९२२ मध्ये मिशिगनच्या लेन हॅलाडेने बांधलेली ‘अ‍ॅडम्स’ राखाडी अंगाची आणि दोन रंगांची पिसे मिसळलेली आहे. ती कुठल्याच एका कीटकासारखी नाही आणि म्हणूनच बऱ्याच कीटकांच्या जागी चालते. १९५० च्या दशकात अल ट्रॉथने एल्क हरणाचे पोकळ केस कॅडिसच्या पंखांसाठी लावले. केसांतली हवाच माशीला तरंगवते, त्यामुळे फेसाळ पाण्यातही ती बुडत नाही.

निम्फच्या बांधणीला निर्णायक वळण मिळाले ते विल्टशरमधील एव्हन नदीच्या राखणदाराकडून. फ्रँक सॉयरने आयुष्य नदीकाठी घालवले. त्याचे निम्फवरचे पुस्तक १९५८ चे. त्याच्या ‘फेझंट टेल’ माशीत धागाच नाही. माणसाच्या केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेनेच तो सगळे बांधत असे. आधी तारेचे वेढे देऊन छातीपाशी फुगवटा करायचा. मग फेझंटच्या शेपटीतले चार तंतू टोकाकडून बांधायचे, म्हणजे टोके शेपटी होतात. उरलेले तंतू तारेशी पीळ घालून पुढे गुंडाळायचे. हे झाले अंग. तेच तंतू फुगवट्यावरून मागे-पुढे दुमडायचे. ही पंखांची पिशवी. पाय लावायचेच नाहीत, कारण पोहणारा निम्फ पाय अंगाशी घट्ट धरतो हे त्याने पाहिलेले होते. एक तार आणि चार तंतू यांत वजन, रंग, आकार आणि चमक सगळे आले. शंभर वर्षांच्या बांधणीत याहून नेमकी वस्तू झालेली नाही.

ग्रेलिंगसाठीही सॉयरने एक माशी केली, तिला ‘किलर बग’ म्हणतात. तारेवर लोकरीचे दोन-तीन थर, बस्स. गोड्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाचा तो आभास. लोकर मात्र ठरावीक: चॅडविक कंपनीची ४७७ क्रमांकाची, मोजे रफू करायची लोकर, जी भिजली की गुलाबीसर राखाडी होते. कारखान्याने ती बंद केल्यावर तिच्या जुन्या कार्डांना शौकीन लोक चढी किंमत देऊ लागले. ग्रेलिंगची जुनी आवडती ‘रेड टॅग’ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची, वूस्टरशरमधली: मोरपिसाच्या तंतूंचे अंग, तांबूस कोंबड्याचे पीस आणि मागे लाल लोकरीचा तुरा. निसर्गात असा कीटक शोधून सापडत नाही. तरीही थंडीत ग्रेलिंग तिच्यावर येतो. बहुधा लाल ठिपका त्याला लांबून दिसतो आणि मोरपिसाचे हिरवे-तांबूस तेज जिवंतपणाचा भास देते.

आधुनिक बांधणीत बदलले ते मुख्यतः साहित्य. अमेरिकेत केवळ पिसांसाठी निवडून वाढवलेल्या कोंबड्यांच्या पिढ्यांनी पिसे लांब आणि तंतू एकसारखे आखूड केले. पूर्वी एका माशीला दोन पिसे लागत. आता कमरेच्या एका लांब पिसात कित्येक माश्या होतात. स्वित्झर्लंडच्या जुरा भागात १९२० च्या दशकापासून वापरात असलेले बदकाच्या तैलग्रंथीभोवतीचे मऊ पीस युरोपभर पसरले. तेलापेक्षा त्याच्या तंतूंच्या रचनेत अडकणारी हवा त्याला जास्त तारते. स्लोव्हेनियाच्या मारयान फ्रॅटनिकची माशी म्हणजे धाग्याच्या अंगावर हीच दोन-तीन पिसे, आणि संथ पाण्यातल्या चोखंदळ ग्रेलिंगला ती पुरते. नेदरलँड्सच्या हान्स फान क्लिंकेनने १९८० च्या दशकात नॉर्वेतल्या ग्रेलिंगसाठी वाकड्या गळाची माशी केली. तिचे पीस दांडीभोवती न गुंडाळता उभ्या पंखाच्या बुडाशी छत्रीसारखे आडवे गुंडाळलेले असते. त्यामुळे छत्री पाण्यावर टेकते आणि अंग खाली लोंबते. अर्धा कातीत आणि अर्धा बाहेर असलेला कीटक त्यातून दिसतो. हॅल्फर्डच्या वरच्या थराला आणि स्क्यूजच्या खालच्या थराला एकाच गळावर जोडणारी ही माशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली सर्वांत कल्पक बांधणी म्हणावी लागते.

तळ गाठण्याचा प्रश्न धातूंनी सोडवला. पितळेची घनता साधारण ८.५, शिशाची ११.३, तर टंगस्टनची १९.३ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर. शिसे गिळून हंस मरत असल्याने ब्रिटनने १९८७ मध्ये मासेमारीच्या बहुतेक शिसवजनांवर बंदी घातली आणि पुढे छोटे टंगस्टनचे मणी सर्रास झाले. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियातल्या स्पर्धकांनी १९८० च्या दशकात आखूड दोरी आणि जड निम्फची रीत गाजवली होती. टंगस्टनने तिला धार दिली. नेढ्यापाशी वाकवलेल्या गळावर खाच असलेला मणी बसवला की गळाचे टोक वर राहते आणि दगडात कमी अडकते. स्पेनमधला ‘पेर्दिगोन’, म्हणजे छर्रा, हा या प्रवासाचा शेवटचा टप्पा: मणी, गुळगुळीत धाग्याचे अंग, वरून अतिनील दिव्याखाली काही सेकंदांत कडक होणारे रेझिन. तंतूंचा अडथळा नसल्याने तो छर्र्यासारखा तळाला जातो. त्याची शेपटी मात्र लिओन प्रांतातल्या कोंबड्यांच्या चकचकीत ठिपकेदार तंतूंची असते, आणि त्या पिसांच्या माश्यांची नोंद १६२४ च्या अस्तोर्गा हस्तलिखितात आहे. रेझिन नवे, कोंबडा चारशे वर्षांचा.

साहित्याच्या या व्यवहारात सह्याद्रीचाही वाटा आहे. महाबळेश्वर-कोयनेच्या रानात पहाटे ज्याची बांग ऐकू येते, त्या राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब गोठल्यासारखे पिवळसर-पांढरे चपटे ठिपके असतात. ‘जंगल कॉक’ या नावाने ती पिसे माशीच्या डोळ्यांसाठी आणि पंखांसाठी ब्रिटनमध्ये शतकभर जात होती. त्यापायी अनेक रानकोंबडे मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याची शिकार थांबवली, निर्यातही बंद आहे. आज तिकडे पाळीव पैदाशीची किंवा छापील नक्कल वापरतात. हा निर्बंध योग्यच आहे, कारण त्या ठिपक्यावाचून एकही ट्राउट माशी नाकारत नाही. महाराष्ट्राचे पाणी ट्राउटला उबदार पडते. काश्मीरमध्ये मात्र १९०० च्या सुमारास ब्रिटनमधून आणलेल्या अंड्यांपासून तपकिरी ट्राउट रुजला, तो पुढे कुलूच्या खोऱ्यातही गेला. मुन्नार आणि निलगिरीच्या उंचावर रेनबो ट्राउट आहे. ग्रेलिंग भारतात नाही.

जुने की नवे, या वादात दोन्हीकडे थोडे खरे आहे. तळ गाठायला टंगस्टनइतके काही नाही आणि फेसात तरायला हरणाच्या केसांइतके काही नाही. पाण्यात हलणारा, जिवंत वाटणारा आभास मात्र यॉर्कशायरच्या दीड वेढ्यांपुढे फारसा गेलेला नाही. शिकणाऱ्याने पहिल्या डझनभर माश्या एकाच नमुन्याच्या, शक्यतो ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’च्या, बांधाव्यात. बाराव्या माशीनंतर पहिली काचेच्या पेल्यातल्या पाण्यात सोडावी, तिच्या शेजारी बारावी सोडावी आणि कोणत्या माशीचे तंतू हलतात ते पाहावे.